आईची निवळी

निवळीचं बी आताच्या मुलांना दाखवलं तर ती म्हणतील, हे कुठल्या शर्टाचं बटण. तेवढंच गोल, जरासं चपटं, मातकट पिवळ्या रंगाचं. म्हसा गावच्या जत्रेत घोंगड्यांच्या दुकानांपलीकडे एक म्हातारा झाडपाल्याची औषधं मांडून बसायचा, त्याच्याकडे ते मिळायचं. पावसाळ्यात आमच्या विहिरीचं पाणी चहाच्या रंगाचं व्हायचं. मग आबा, म्हणजे माझे वडील, सहाणेवर ते बी उगाळायचे, उगाळलेलं हंड्यात सोडायचे, पळीने एकदा गोल ढवळायचे आणि हात झटकून बाजूला व्हायचे. पुढचं काम पाण्याचं. मी हंड्याशी गुडघे पोटाशी घेऊन बसायची. काही वेळ काहीच होत नसे, मग पाण्याला ढग आल्यासारखं व्हायचं, ते ढग हळूहळू खाली उतरायचे आणि वर नितळ पाणी राहायचं. गाळ कुठे गेलेला नसायचा. हंड्यातच असायचा, तळाला. म्हणून पावसाळ्याचे चार महिने आमच्या घरात हंड्याला कोणी धक्का मारायचा नाही, आणि मारला तर शिव्या खायच्या.

पण मला सांगायचं आहे ते दुसऱ्या निवळीबद्दल. ती आमच्या घरात बारा महिने लागायची. ती म्हणजे आईची झोपेची गोळी.

आई आजारी पडली ती लावणीच्या दिवसांत. मी तेव्हा शाळेत होते. आधी तिची झोप गेली. दिवसभर चिखलात वाकून आवण, म्हणजे भाताची रोपं, लावणारी बाई अंथरुणाला पाठ टेकली की घोरायला हवी, पण ती भिंतीला टेकून बसून राहायची. मग ती बोलायला लागली. एरवी आमची आई घुमी, विचारलं तर एका शब्दात उत्तर देणारी. ती आता बैलांशी बोलायची, बांधावरच्या गवताशी बोलायची, आणि आम्हाला न दिसणाऱ्या कोणाशी तरी भांडायची. मग जेवण तुटलं. एक दिवस हातातली आवणाची जुडी तशीच ठेवून ती शेतातून निघाली आणि रस्त्याला लागली. लोक मला अजून विचारतात, पण झालं कशामुळे? कोणी गेलं होतं का घरातलं? मार होता का? काहीच नव्हतं. आबांनी तिच्यावर कधी हात उचलला नाही, सासुरवासही कधीचा संपला होता. एखाद्याला कावीळ होते तसं तिला ते झालं. पन्नाशी ओलांडल्यावर हे मी इतकं सरळ लिहू शकते. तेव्हा आम्ही सगळे कारणाच्या मागे धावत होतो. काकीला, म्हणजे आबांच्या धाकट्या भावाच्या बायकोला, ते लगेच सापडलं होतं. आमच्या भिंतीला भिंत लावून ती राहायची आणि तिच्याकडे सगळ्या गोष्टींचं एकच कारण असायचं: बाहेरचं. मग भगत झाला, कोंबडा झाला, आईच्या दंडाला दोरे झाले. आई वाळतच गेली. शेवटी शाळेतल्या गुरुजींनी आबांना बाजूला घेऊन सांगितलं, ठाण्याला दाखवा.

ठाण्याला. आमच्या शहापूर-मुरबाडच्या माणसाला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. कोर्ट ठाण्याला, कलेक्टर ठाण्याला, पण वेड्यांचं इस्पितळही ठाण्यालाच, आणि भांडणात कोणी कोणाला ‘तुला ठान्याला नेला पायजे’ म्हटलं की पुढे बोलायला काही उरत नसे. माणूस जमिनीच्या कामाला तिकडे निघाला तरी वाटेत भेटणाऱ्याला ‘कल्यानला चाललो’ असं सांगायचा. तशी कल्याणला चालल्याचं सांगून आबांनी आईला नेली, बरोबर मलाही. परत येताना एसटीत आबांच्या हातात औषधाची पुडी होती आणि आई ती धरायलाही तयार नव्हती. मी मधे बसले होते, म्हणून तो संवाद मला शब्द न् शब्द आठवतो.

“येड्यांची गोळी हाय ती,” आई बोलली. “मी नाय घेनार.”

“येड्यांची नाय गो. डॉक्टर काय बोलले, मन जरा खाली बसंल. निवळी हाय ही. पान्यात घालतो तशी.”

“मी काय इहीर हाय?”

“नायतर काय. साऱ्या डोंगराचा गाळ आलाय तुझ्यात.”

आई हसली. कितीतरी दिवसांनी हसली. पुडी तिने घेतली नाही, पण आबांनी ती तिच्या मांडीवर ठेवली तेव्हा ढकललीही नाही. त्या दिवसापासून आमच्या घरात त्या गोळीचं नाव निवळी.

गावात अशा गोळ्यांना दुसरी नावं होती. गुंगीची गोळी म्हणायचे, नशेची म्हणायचे, आणि सगळ्यात वाईट, ठाण्याची गोळी. तिन्ही नावांत घेणाऱ्यावर काहीतरी आरोप होता. गुंगी म्हटलं की कोणीतरी फसवून पाजलेलं. नशा म्हटलं की वाईट चाल. ठाणं म्हटलं की संपलंच. आबांचं नाव एकटंच असं होतं की त्यात दोष गाळाचा होता, हंड्याचा नव्हता. आणि एक सोय होती, ते चारचौघांत उच्चारता येत होतं. जेवणं झाली, भांडी घासून पालथी पडली की आबा ओटीवरून विचारायचे, “निवळी झाली का?” आणि आई गुळाच्या खड्याबरोबर ती गिळायची, कारण गोळी फार कडू होती. मग आम्ही सगळे न बोलता वाट बघायचो. थोड्या वेळाने आईचं घोरणं सुरू व्हायचं, आधी बारीक, मग मुसळाने भात सडल्यासारखं लयीत. बाकीच्यांच्या घरात घोरणाऱ्याला कोपराने ढोसतात. आमच्या घरात ते ऐकून आबा कूस बदलायचे आणि ताई, माझी थोरली बहीण, म्हणायची, “चला, झोपा.”

सकाळी त्याची किंमत असायची. आई उन्हं ओटीवर येईपर्यंत जड असायची. जीभ अडखळायची, हात हळू चालायचे, उशीला लाळेचा डाग असायचा. चूल ताई पेटवायची. नाचणीची भाकरी, वालाचं बिरडं, कधी चुलीत भाजलेला बोंबील, हे सगळं आईच्या हातचं म्हणून आम्हाला आवडायचं, पण मधली काही वर्षं ते ताईच्या हातचं होतं. काकीला वाटायचं जाऊ आळशी झाली. तिच्या कानावर आमचा तो शब्द पडायचाच, मधे भिंतच केवढी. एकदा चैत्रात, विहिरीचा तळ दिसत होता तेव्हा, ती ओटीवर येऊन बोलली, “तुमच्या हिरीला बारा महिने गाळ कसा गो? आमी पन तिचंच पानी पितो.” आबा म्हणाले, “तुमी वरचं पिता.” काकी बराच वेळ त्याचा अर्थ लावत बसली.

मी मुरबाडच्या कॉलेजात जायला लागले. आमच्या सगळ्या भावकीत कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली, मुलगा-मुलगी मिळून पहिली, हे मी मिरवते आणि मिरवण्यासारखंच आहे. विज्ञान शाखा होती. तिथे मला आईच्या गोळीचं छापील नाव भेटलं, शामक. शमवणारं. आग शमते, तहान शमते, तसं. शब्द सभ्य होता, मला आवडला, पण घरी नेण्यासारखा वाटला नाही, कारण त्यात काहीतरी विझून जात होतं, आणि आई विझलेली नव्हती. मग ग्रंथालयात एक जाडा इंग्रजी कोश होता, त्यात मी सेडेटिव्ह हा शब्द काढला. त्याचं मूळ लॅटिनमध्ये निघालं, आणि त्याचा अर्थ बसवणं, खाली बसवणं. त्याच घरातला दुसरा शब्द होता सेडिमेंट, म्हणजे गाळ. मी ते पान पुन्हा पुन्हा वाचलं. कधीकाळी, कुठल्या तरी देशात, कोणाला तरी तेच सुचलं होतं जे आमच्या आबांना एसटीत सुचलं. संध्याकाळी धावत घरी येऊन मी त्यांना सांगितलं. ते बैलाचा कासरा वळत होते. विचार करून बोलले, “म्हंजे त्यांच्या हिरीला पन गाळ यायचा.” आणि पुन्हा कासरा वळायला लागले. आजही कोणी विद्वान शब्दांच्या व्युत्पत्तीवर बोलायला लागला की मला आबांचं ते वाक्य आठवतं आणि त्याहून जास्त काही त्या विषयावर सांगायचं राहिलंय असं वाटत नाही.

त्याच वर्षी ताईची सोयरीक जुळत आली. मुलगा डोळखांबकडचा, वाशिंदला कारखान्यात कामाला, नाव रमेश. त्याने ताईला पाहिलं होतं, ताईने त्याला पाहिलं होतं, दोघांची ना नव्हती. आता त्याचे आईवडील आणि भावकीतले दोघे-चौघे येऊन घर बघणार आणि सुपारी फोडणार होते. घर बघणं म्हणजे भिंती बघणं नव्हे. पाहुण्या बायका सरळ चुलीपाशी येऊन बसायच्या. मुलीची आई कशी बोलते, कशी वाढते, तिचा हात कसा चालतो, हे बघितल्याशिवाय आमच्याकडे सुपारी फुटत नसे. आणि वडे मुलीच्या आईनेच तळायचे, ती रीतच होती.

म्हशाची जत्रा आटपली आणि आईने आपण होऊन सांगितलं, “पावने येऊन जाईपर्यंत मला निवळी नको. त्यांच्यासमोर मी पेंगायची नाय.”

आबांनी विचारलं, “निभेल का?”

“इतकी वर्सं निभलं, चार दीस नाय निभनार? पोरीचं होऊ दे.”

कोणी कोणावर जबरदस्ती केली नाही, हे मला मुद्दाम लिहायचं आहे. तिच्या मुलीच्या लग्नात तिला जागं राहायचं होतं, एवढंच तिचं मागणं होतं. आणि पहिल्यांदा तर चमत्कार वाटला. आई पहाटे उठली, ताईच्या आधी. अंगण सारवलं, ओटीला गेरू लावला, भाताच्या पेंढ्यांची उडवी नीट करून घेतली. चुलीपुढे बसून ओव्या म्हणाली. मी तिचा आवाज विसरले होते. आबा खळ्यातून येऊन दारात उभे राहिले आणि नुसते ऐकत राहिले. मग तिचे डोळे खोबणीत जायला लागले. रात्री ती पडून राहायची, पण घोरणं नव्हतं, आणि घोरणं नसलं की आम्हालाही झोप नव्हती. पाहुणे यायच्या दिवशी सकाळी वड्याचं पीठ मळताना तिचे हात असे थरथरत होते की पीठ परातीबाहेर उडत होतं. ताईने परात ओढून घेतली. आई हसून बोलली, “तुझी सासू येनार म्हनून घाबरले गो मी. तू नाय घाबरलीस, मी घाबरले.”

पाहुणे भाड्याच्या जीपने आले. रमेशचे वडील कमळूमामा, आमच्याकडे होणाऱ्या व्याह्यांना मामाच म्हणायचं. उंच, काळेसावळे, खांद्यावर पंचा, बोलताना समोरच्याच्या पायांकडे बघणारे. त्यांची बायको, म्हणजे मामी, मोकळी, आल्या आल्या चुलीपाशी पाट ओढून बसली आणि आईशी बोलायला लागली. आई छान बोलत होती. पहिला घाणा निघाला, वडे टम्म फुगले, मामी म्हणाली, “हात चांगला हाय विहीनबाईंचा.” दुसरा घाणा सोडताना आईच्या हातातला झारा पडला. ती एका कुशीवर कलली, अंग लाकडासारखं ताठ झालं आणि हातपाय झटके द्यायला लागले. ताईने तिला चुलीपासून ओढलं नसतं तर उकळतं तेल अंगावर आलं असतं.

ओटीवरचे पुरुष आत धावले. कोणीतरी हुंगवायला चप्पल मागितली, कोणीतरी कांदा मागितला. तेवढ्यात काकीचा आवाज आला, “बाजूला व्हा! अंगात आलंय! हळदकुंकू आना!”

काकी मनापासून बोलली की वेळ सावरायला, हे मला अजूनही सांगता यायचं नाही. पण तो शब्द पडला आणि घराचा रंगच बदलला. चप्पल दाराबाहेर गेली. आईच्या कपाळाला मळवट भरला गेला. नारळ आला, उदबत्ती आली. मामीने डोक्यावर पदर घेतला, आईच्या पायाशी डोकं टेकवलं आणि विचारलं, “आई, पोरांचं सुखाचं होईल ना?” आईच्या घशातून घरघर आली. मामी म्हणाली, “हो बोलली.” बाकीच्या बायकांनी हात जोडले. सोयरीक मोडायच्या जागी पक्की होत होती. ज्या घरात देवी येते त्या घराला आमच्याकडे मान असतो, दोन गावं प्रश्न घेऊन येतात. एका शब्दाने सगळं झाकलं गेलं होतं, गोळी, ठाणं, सकाळचं पेंगणं, सगळं. मी आबांकडे बघितलं. त्यांनीही हात जोडले होते, पण डोळे माझ्यावर होते. ‘राहू दे,’ एवढंच त्या डोळ्यांत होतं, आणि ते भिकाऱ्याच्या डोळ्यांसारखे होते.

झटके थांबले. आई डोळे पांढरे करून पडली होती, तोंडातून फेस, हाक मारली तर ओ नाही. मी तिला उचलायला वाकले तर काकी म्हणाली, “हात नको लावू, देव जाऊ दे.” आणि आई पुन्हा ताठ झाली.

मी ओरडले. “देव नाय आला! तिची गोळी बंद केलेय, म्हनून झालंय. तिला डॉक्टरकडं न्या!”

“कसली गोळी?” मामीने विचारलं.

घरात उदबत्तीचा धूर भरला होता. ताई भिंतीला टेकून उभी होती, नवी साडी, केसांत अबोली. तिने माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. ती ‘नको’ म्हणत होती की ‘सांग’ म्हणत होती, मला कळलं नाही. मी सांगितलं. “झोपेची. ठान्याची गोळी. किती वर्सं घेतेय ती. तुमी येनार म्हनून सोडली.”

मामीने आईच्या पायांवरचे हात काढून घेतले. मग कमळूमामा दाराकडे वळून ड्रायव्हरला म्हणाले, “गाडी काढ रे,” आणि स्वतः वाकून आईचे पाय धरले. आबांनी खांदे धरले. त्यांच्याच जीपने आम्ही मुरबाड गाठलं.

डॉक्टर तरुण होते, आबांना ओरडतील असं मला वाटलं होतं. त्यांनी इंजेक्शन दिलं, आईचं अंग सैल पडलेलं बघितलं, मग आबांना खुर्चीत बसवून सांगितलं की ही गोळी अशी एकदम तोडायची नसते, शरीराला तिची सवय झालेली असते. कमी करायची तर डॉक्टरला विचारून, तुकड्या-तुकड्याने. आबा मान हलवत राहिले. बाहेर आल्यावर ते मला एवढंच म्हणाले, “तू बोललीस ते बरं केलंस. माझ्यानं बोलवलं नसतं.”

पाहुणे न जेवता गेले होते. आईला घेऊन आम्ही घरी आलो तेव्हा वडे परातीत थंड होऊन चिवट झाले होते. काकी ओटीवर बसून होती, म्हणाली, “शिकलेल्या पोरीनं बहिनीचं वाटोळं केलं. देवी बोलत होती, तिचं तोंड बंद केलंन्.” मी ताईकडे बघू शकत नव्हते. ताईने साडी बदलली होती. तिने परातीतला एक वडा उचलला, तोडायला जोर लावावा लागला, अर्धा मला दिला. “खा,” ती बोलली. “मोडलं तर मोडलं. आय गेली असती तर पाठवनीला मी कोनाच्या गळ्यात पडून रडले असते? काकीच्या?” मग तिला स्वतःच्याच बोलण्याचं हसू आलं आणि हसता हसता ती रडायला लागली.

मुलाकडून निरोप आला नाही. येणार नाही हेच आम्ही धरून चाललो होतो. आई पुन्हा गोळी घ्यायला लागली, पुन्हा सकाळी जड, पण आता ती आमच्या डोळ्याला डोळा देत नव्हती. कोणी आलं की मागच्या दाराने परसात जायची. वालाच्या शेंगा काढायला आल्या त्या सुमाराला, एका दुपारी कमळूमामा एकटेच आले. सडकेवरून चालत. आबांनी पंचा झटकून घोंगडी अंथरली. ताई आत गेली. मी चहा केला. मामांनी वालाबद्दल विचारलं, दव किती पडतं विचारलं, आमच्या एका बैलाचं शिंग कसं मोडलं ते विचारलं. आबा उत्तरं देत होते आणि नकाराची वाट बघत होते. मामांनी कप खाली ठेवला.

“त्या दिवशी आमी पन एक लपवून आलेलो,” ते पायांकडे बघत म्हणाले. “माझा धाकटा भाऊ, बारकू. तुमाला सांगितलं तो कामाला बाहेर हाय. तो घरीच हाय. गोठ्यात. आमाला कुठं जायचं असलं की त्याला बांधतो.” ‘बांधतो’ म्हणताना त्यांनी पंचाचं टोक मुठीत धरलं. “लोकांना सांगतो अंगात येतं. मला म्हाईत हाय, देव नाय येत. तुमची पोर त्या दिवशी बोलली, आन मला वाटलं, एवढं सोपं होतं बोलायला? आमाला का नाय आलं?”

आबांनी जे सुचलं ते विचारलं. “मंग सोयरीक?”

“ती कुठं जातेय. बायको रुसलेय घरी. देवीला परश्न इचारून बसली, आता ते उत्तर देवाचं धरायचं का आजाराचं, हा घोळ पडलाय तिला. येईल ती. पन ते नंतर. आधी मला त्या गोळीचं सांगा. लोक बोलतात गुंगीत ठेवतात, मानूस आतल्या आत मरतो.”

आबांनी माझ्याकडे बघितलं. मी तोंड उघडलं, शामक, मेंदू, असे दोन शब्द काढले, आणि मागे बांगड्या वाजल्या. आई परसातून आली होती, हाताला शेंगांचा चिकट वास. ती उंबऱ्यावर बसली. परक्या पुरुषासमोर ती अशी कधी बसली नव्हती.

“थांब गो, मला सांगू दे,” ती म्हणाली, आणि मामांकडे बघून सांगायला लागली. “पयली जीभ जड होते. मंग पाय. मंग ते आत बोलत असतात ना सगळे, ते लांब जातात. बोलायचे थांबत नायत. पन पल्याडच्या पाड्यात लगीन चालल्यासारखं वाटतं. वाजंत्री ऐकू येते, पन आपल्याला बोलावलेलं नसतं. मंग झोप लागते. सकाळी तोंड सुकतं, हात चालत नायत, आळशी म्हनतात लोक. म्हनू दे. पोरं ओळखू येतात आपली.”

मामा ऐकत होते. पहिल्यांदाच त्यांनी पायांवरून नजर उचलली. “तिथं ठेवून घेतात म्हनं. परत देत नायत.”

“मंग ही तुमच्यासमोर कोन बसलेय?”

मामा हसले. हसताना त्यांनी पंचाने डोळे पुसले आणि घाम पुसल्यासारखं केलं.

“पयल्यांदा लई निजंल तो,” आई म्हणाली. “घाबरून भगताकडं पळू नका. जेवायला तेवढा उठवा, उपाशी निजवू नका. आन बांधू नका.”

“सोडला तर पळतो.”

“पळंल. मी पन पळाले. आमचे हे मागून चालत आले, हाक नाय मारली, नुसते मागून चालत आले. दमले तवा मीच बसले.”

हे मला ठाऊक नव्हतं. आबा एकदम कल्याणच्या एसटीबद्दल बोलायला लागले, कुठली पकडायची, कुठे उतरायचं, तिथून पुढे कसं, खिडकी कुठली, रांग कशी असते. मामा मान हलवत होते, पण त्यांच्या चेहऱ्यावर काही उतरत नव्हतं.

“त्यांच्या ध्यानात नाय राहायचं,” आई उठत म्हणाली. तिला शेंगा सोलायच्या होत्या. “मी जाते संगती. बारकूला एवढंच सांगा, येक बाई येतेय बरोबर, ती पन तीच गोळी घेते.”